थंड मांस, तप्त गाव आणि विजेचा झटका

भुसावळहून इटारसीकडे जाणारी गाडी रावेर मागे टाकते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपून बुऱ्हाणपूर येते. तापीकाठचे हे शहर २००३ पासून मध्य प्रदेशातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. कारभार हिंदीत चालतो, तरी अनेक घरांत मराठी नांदते आणि केळीच्या बागांना राज्याची सीमा ठाऊक नसते. देशातील बहुसंख्य लहान शहरांप्रमाणे येथेही मांसाचा व्यवहार पहाटे सुरू होऊन दुपारपूर्वी आटोपतो. पहाटे जनावर कापले जाते, सकाळी दुकानात टांगले जाते आणि ऊन चढण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या पातेल्यात पोहोचलेले असते. मधल्या वेळेत त्याला थंडीचा स्पर्श होत नाही. मे महिन्यात जेथे पारा ४४ अंशांच्या घरात जातो, तेथे ही घाई स्वाभाविकच म्हणावी लागेल.

गोव्यातील वाचकाने बुऱ्हाणपूरकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आपल्याकडे गेली काही वर्षे मांसासंबंधी जी चर्चा चालू आहे ती जवळजवळ सर्वस्वी पुरवठ्याची आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने गोवंशहत्याबंदीचा विस्तार बैलांपर्यंत केला. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्याने तेरा वर्षांवरील म्हैसवर्गीय जनावरे तेवढी कत्तलीस मोकळी ठेवली. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, मडगावात झालेल्या संघर्षानंतर विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. प्रत्येक वेळी विधाने झाली ती गाड्या, परवाने आणि तपासनाके यांविषयी. जे मांस अखेरीस आपल्या हाती पडते ते कसे असते, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. शेजारून जिवंत जनावर येणे जसजसे कठीण होत गेले, तसतसे थंड वा गोठवलेल्या अवस्थेत आलेल्या मांसावरील आपले अवलंबन वाढले. म्हणजे बुऱ्हाणपूर जेथे आजही उभे आहे त्या गरम मांसाच्या व्यवस्थेकडून आपण थंड मांसाच्या व्यवस्थेकडे सरकत आहोत. हे स्थित्यंतर नुसते शीतपेट्या विकत घेऊन होत नाही, आणि तेथेच विजेच्या झटक्याचा विषय येतो.

हा झटका जनावराला मारण्यासाठी वा बेशुद्ध करण्यासाठी द्यावयाचा नसतो. प्राण गेल्यानंतर आणि रक्त वाहून गेल्यानंतर धडातून काही सेकंद ते एक-दोन मिनिटे विद्युत्प्रवाह स्पंदनांच्या रूपाने सोडला जातो. स्नायू वेगाने आकुंचन-प्रसरण पावतात आणि निर्जीव धड हलताना दिसते. प्रथमच पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते. तथापि त्या हालचालीत वेदना नाही. वेदना जाणणारा मेंदू तोवर संपलेला असतो. आपल्याकडे प्राणिमित्र आणि धर्मनिष्ठ ग्राहक हे दोघेही या क्रियेची गल्लत कत्तलीपूर्वी भूल देण्याच्या क्रियेशी करतात. भूल देण्याचा वाद स्वतंत्र आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या २८ व्या कलमाने धर्मविहित कत्तलीला त्या कायद्यापुरती सूट दिली आहे, आणि तो वाद तेथे चालू राहील. येथे विषय त्यानंतरचा आहे.

या उपायाची गरज का पडली ते समजण्यासाठी न्यूझीलंडला जावे लागते. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ नावाच्या जहाजाने त्या देशातील गोठवलेले मांस लंडनला नेले आणि मेंढपाळांचा तो देश निर्यातदार बनला. पुढे गोठवणयंत्रे अधिक कार्यक्षम झाली, धडे लवकर गार होऊ लागली आणि तक्रारी सुरू झाल्या. कोवळ्या कोकराचे मांस चिवट कसे? १९६३ मध्ये लॉकर आणि हॅगयार्ड या तेथील संशोधकांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. मृत्यूनंतर लगेच स्नायू शून्य ते दोन अंशांपर्यंत थंड केला तर तो मूळ लांबीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत आखडतो. चौदा ते एकोणीस अंशांच्या दरम्यान हे आखडणे सर्वांत कमी असते. थंडीने मांस टिकत होते हे खरे, पण घाईने दिलेली तीच थंडी ते बिघडवीत होती.

कारण सोपे करून सांगता येते. प्राण गेला तरी स्नायूतील रसायने तत्क्षणी थांबत नाहीत. साठवलेल्या ग्लायकोजनचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होत राहते आणि स्नायूचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याची ती संख्या, सातच्या आसपासून हळूहळू साडेपाचच्या जवळ उतरते. ऊर्जा संपली की तंतू एकमेकांत अडकून बसतात. हाच मृत्यूनंतरचा ताठरपणा. तो येण्यापूर्वी, ऊर्जा शिल्लक असतानाच, कडाक्याची थंडी लागली तर पेशीतील कॅल्शियम मोकळे होते आणि स्नायू जिवंत असल्यासारखा आवळला जातो. तो आवळलेल्या स्थितीतच ताठरतो आणि पुन्हा सैल होत नाही. विजेचा झटका त्या शिल्लक ऊर्जेचा आधीच निकाल लावतो. सामू झपाट्याने उतरतो, ताठरपणा लवकर येतो, आणि नंतर थंडी कितीही कडक असली तरी आखडण्याचे बळ स्नायूत उरलेले नसते.

विजेने मारलेला पक्षी कोवळा लागतो, हे बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकाच्या मध्यावर टर्कीवर प्रयोग करून नोंदवले होते. १९५१ मध्ये अमेरिकेत या कल्पनेचे पेटंटही झाले, परंतु कारखान्यात ती रुजली ती १९७० च्या दशकात, न्यूझीलंडच्या कोकरांमुळे. तेथील पद्धतीत हजार व्होल्टांहून अधिक दाबाची, सेकंदाला सुमारे चौदा स्पंदने दीड मिनिट देत. दुसरी पद्धत शंभर व्होल्टांपर्यंतच्या कमी दाबाची. तिचा खर्च व धोका कमी असतो, पण ती प्राण गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच द्यावी लागते, कारण प्रवाह वाहून नेण्याचे काम तेव्हा मज्जातंतू करीत असतात आणि ते लवकरच निकामी होतात. उच्च दाबाच्या पद्धतीला तासाभरापर्यंत सवड मिळते. मात्र बंदिस्त जागा, दार उघडताच प्रवाह तोडणारी व्यवस्था आणि प्रशिक्षित माणसे अनिवार्य ठरतात. ओल्या फरशीवर अनवाणी वा साध्या चपलेने काम करणाऱ्या कामगाराजवळ हजार व्होल्टांचे यंत्र बसविण्याचा विचार या अटींशिवाय कोणी करू नये.

आता बुऱ्हाणपूरकडे परत येऊ. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाची कत्तल निषिद्ध आहे, तेव्हा विषय उरतो शेळी, मेंढी आणि म्हैस यांचा. बारा-पंधरा किलोचे बोकडाचे धड आकाराने लहान असते, अंगावर चरबी बेताची असते आणि त्यामुळे ते शीतगृहात फार लवकर गार होते. थंडीने आखडण्याचा धोका म्हशीपेक्षा त्याला अधिक. आपल्याकडची जुनी जाणती गृहिणी ‘फ्रीजचे मटण नको, ताजेच आण’ असे म्हणते तेव्हा शिकलेली मंडळी त्याला समजूत मानून हसतात. माझ्या मते त्या बाईचे निम्म्याहून अधिक बरोबर आहे. सकाळी कापलेले मांस पूर्ण ताठर होण्याआधी शिजवले तर ते मऊ लागते. तेच कोमट मांस घरी आणून थेट बर्फाच्या कप्प्यात कोंबले तर ताठरपणा येण्यापूर्वीच गोठते, आणि वितळताना इतके जोराने आखडते की रस पातेल्यात आणि चोथा ताटात असा प्रकार होतो. ताजे असेल तर त्याच दिवशी शिजवावे. ठेवायचेच असेल तर खालच्या गार कप्प्यात दिवसभर राहू देऊन मग गोठवावे. तिने हे शास्त्र वाचलेले नसते, पण चव तिने घेतलेली असते.

मग बुऱ्हाणपूरच्या कत्तलखान्यात असे यंत्र बसवावे काय? माझे स्पष्ट मत असे की, आहे त्या स्थितीत बसवू नये. जेथे थंडीच नाही तेथे थंडीने आखडणेही नाही. उलट येथे दुसरा धोका आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. धड तप्त असताना सामू फार लवकर उतरला तर तंतूंतील प्रथिनांची हानी होते, मांस फिके पडते, पाणी सोडते आणि उष्णतेनेही आखडते. ऑस्ट्रेलियात मांसाची प्रतवारी करणाऱ्या व्यवस्थेने यासाठी एक साधी चौकट ठरवली आहे: सामू सहापर्यंत उतरेल त्या वेळी स्नायूचे तापमान बारा ते पस्तीस अंशांच्या दरम्यान असावे. बारांच्या खाली थंडीचा धोका, पस्तिसांच्या वर उष्णतेचा. जिवंत जनावराचे अंगच अडतीस-एकोणचाळीस अंशांचे. मे महिन्यातल्या निमाडात शीतगृहाविना विजेचा झटका दिला, तर त्या चौकटीच्या वरच्या कडेबाहेर जाण्याची सोय आपण स्वखर्चाने करून ठेवू.

हे सांगण्याचे कारण सरकारी ‘आधुनिकीकरण’. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने कत्तलखान्यांचे नियमन नगरपालिकांकडे सोपवले आहे आणि त्यांच्या नूतनीकरणासाठी केंद्राच्या अन्नप्रक्रिया मंत्रालयाची योजनाही येऊन गेली. अशा कामांत यंत्रांची यादी एका शहराच्या प्रस्तावातून दुसऱ्या शहराच्या प्रस्तावात जशीच्या तशी उतरण्याचा धोका असतो. निर्यात कारखान्याला लागणारी सामग्री वेगळी, तापीकाठच्या गावाला लागणारी वेगळी आणि उसगावला लागणारी तिसरीच. पिण्यायोग्य पाणी, सांडपाण्याची वाट, धड जमिनीला न लागता टांगण्याची सोय आणि कापण्यापूर्वी जनावर तपासणारा पशुवैद्यक या गोष्टी बुऱ्हाणपूरसारख्या शहरात विजेच्या यंत्राच्या कितीतरी आधी येतात. २००१ च्या कत्तलखाना नियमांनी एका पशुवैद्यकाने तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णवहून अधिक जनावरे तपासू नयेत, असे बंधन घातले. एवढे पशुवैद्यक कोठे नेमले आहेत, एवढाच प्रश्न कोणत्याही नगरपालिकेला विचारून पाहावा.

निर्यातीच्या क्षेत्रात या यंत्राला निराळेच महत्त्व आहे. भारतात लाळ्या-खुरकुताचा आजार अजून संपलेला नाही. म्हणून येथील म्हशीचे मांस हाडे आणि लसिकाग्रंथी काढूनच बाहेर जाते, आणि त्यापूर्वी धड दोन अंशांहून अधिक तापमानात किमान चोवीस तास ठेवून त्याचा सामू सहाच्या खाली आल्याची खात्री करावी लागते. त्या आम्लतेत स्नायूतील विषाणू तग धरीत नाही. सामू निश्चितपणे उतरविणारी कोणतीही क्रिया अशा कारखान्याला केवळ चवीसाठी नव्हे, परदेशी ग्राहकाच्या पशुवैद्यकासाठीही उपयोगी पडते. भारतातील संशोधकांनी शेळी व म्हैस या दोन्हींवर या तंत्राचे प्रयोग केले आहेत, आणि हैदराबादजवळ राष्ट्रीय मांस संशोधन संस्था याच क्षेत्रासाठी उभी आहे. म्हणजे ज्ञान आयात करावे लागेल अशी स्थिती नाही.

गोव्याचा प्रश्न या दोन टोकांच्या मधला आहे, आणि म्हणूनच अधिक अवघड. फोंडा तालुक्यातील उसगावचा गोवा मीट कॉम्प्लेक्स हा सरकारी उपक्रम. तेथे शीतगृहाच्या आधाराने काम चालावे, मांस आरोग्यदायी रीतीने दुकानात जावे आणि पर्यटन हंगामात हॉटेलांना दर्जेदार माल मिळावा, अशी अपेक्षा रास्त आहे. थंडी आली की झटक्याचा विचार करणे आले. परंतु येथे जनावर येते तेच मुळी लांबून. ट्रकमध्ये तासन्‌तास उभे, वाटेत अडवणूक, कागदपत्रांची तपासणी, पाण्याविना, चाऱ्याविना, अनोळखी जनावरांच्या गर्दीत. अशा भेदरलेल्या आणि थकलेल्या जनावराच्या स्नायूतील ग्लायकोजन कत्तलीपूर्वीच खर्च झालेले असते. मग आम्ल तयार व्हायला इंधनच उरत नाही, सामू सहाच्या वर अडकून राहतो आणि मांस काळपट, घट्ट, कोरडे दिसते व लवकर नासते. त्याच्यावर विजेचे कितीही झटके दिले तरी उपयोग नाही. त्या जनावराला हवे होते ते पाणी, सावली आणि काही तासांची विश्रांती.

येथे राजकारण थेट खाटकाच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचते. रस्त्यात गाडी अडवून जनावरांना सहा तास उन्हात उभे करणारा माणूस स्वतःला त्यांचा रक्षक म्हणवतो. त्याच्या हेतूविषयी मतभेद असू शकतील, परंतु त्या सहा तासांत जनावराच्या स्नायूंत जे घडते त्याविषयी मतभेदाला जागा नाही. बेकायदा वाहतूक जरूर रोखावी. ती रोखण्याचे काम पोलिसांचे आहे, आणि जप्त जनावरांना उतरवून पाणी पाजणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

दुसरी मर्यादा वयाची. कर्नाटकातून कायदेशीररीत्या कत्तलीस उपलब्ध होणारी म्हैस तेरा वर्षांवरची. वयानुसार स्नायूंभोवतीच्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या गाठी पक्क्या होत जातात, आणि त्या विजेने सुटत नाहीत. झटका तंतूंचे आखडणे थांबवतो, म्हातारपण मागे फिरवत नाही. त्यावर उपाय आहे तो पातेल्यातला: मंद आचेवर, पाण्यात, बराच वेळ शिजवले की कोलॅजन विरघळते. खानदेशी काळ्या मसाल्याचे मटण काय किंवा आपली शागुती काय, या पदार्थांना लागणारा वेळ उगाच ठरलेला नाही. व्हिनेगर, दही, कच्ची पपई यांचा लेप हाही त्याच जातीचा उपाय. थंडीने आखडलेले तंतू मात्र शिजवण्याने तसे सैल होत नाहीत. म्हणजे वृद्ध जनावर आणि घाईने दिलेली थंडी हे दोन्ही एकत्र आले की स्वयंपाकघरही हात टेकते. आणि आपण नेमके त्याच दिशेने चाललो आहोत.

झटक्याला स्वस्त पर्याय नाहीत असेही नाही, आणि यंत्रविक्रेता ते सांगणार नाही म्हणून येथे सांगितले पाहिजेत. पहिला पर्याय संयमाचा: कत्तलीनंतर पहिल्या दहा तासांत धड दहा अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. स्वच्छता चोख असेल तरच हे शक्य आहे, कारण त्या तापमानात जंतूंनाही सवड मिळते. दुसरा पर्याय टांगण्याच्या पद्धतीत बदल करण्याचा. धड मागच्या पायाच्या शिरेवर टांगण्याऐवजी कमरेच्या हाडातून आकडा घालून टांगले की पाठीचे व मांडीचे मोठे स्नायू धडाच्या स्वतःच्या वजनाने ताणलेले राहतात आणि आखडू शकत नाहीत. त्याला वीज लागत नाही, लागतो तो फक्त वेगळा आकडा आणि थोडी अधिक जागा. उसगावसारख्या ठिकाणी यंत्राच्या निविदेपूर्वी हा प्रयोग महिनाभर करून पाहण्यास कोणाची हरकत असावी?

आणि त्या प्रयोगापूर्वीही एक काम आहे. मांसात खुपसायचा तापमापक आणि सामू मोजणारे हातात मावेल एवढे उपकरण घेऊन, कत्तलीनंतर दर तासाला दहा-वीस धडांची नोंद ठेवायची. उन्हाळ्यात वेगळी, पावसाळ्यात वेगळी. जवळून आलेल्या जनावरांची वेगळी, दूरवरून आलेल्यांची वेगळी. सामू सहाच्या वर अडकलेला दिसला तर दोष वाहतुकीचा आहे. सामू उतरण्याआधी पारा बाराच्या खाली गेलेला दिसला तर दोष शीतगृहाच्या घाईचा, आणि तेव्हा विजेच्या यंत्राचा प्रस्ताव न्याय्य ठरेल. हीच नोंद बुऱ्हाणपूरच्या नगर निगमालाही ठेवता येईल. तेथे बहुधा आकडे पस्तिसाच्या वरच्या बाजूचे निघतील आणि मागणी यंत्राची न होता सावलीची, पाण्याची आणि गार ओसरीची होईल. गोव्यात पुढील वेळी या विषयावर विधानसभेत प्रश्न विचारला जाईल तेव्हा सदस्यांनी जनावरांच्या संख्येबरोबर ही नोंदवहीही मागवावी.